गिरणीतला आठतोंडी संगणक

"अरे, बंद कर! बंद कर म्हणतो ना! धूर निघून राह्यला!"

मॅनेजर टेबलावर चढून बोंबलत होता. जालन्यातल्या एका सरकीच्या गिरणीत आम्ही दोघं एकाच दिवशी कारकून म्हणून चिकटलो. तो चढत चढत मॅनेजर झाला, मी निवृत्त होऊन घरी बसलो.

"धूर न्हाई रे, धूळ आहे," मी म्हणालो. "उतर खाली, टेबल मोडंल."

समोर आमचा जुना संगणक. म्हशीएवढा एक डबा आणि त्याला वायरींनी जोडलेले आठ पडदे. डोकं एकच, पण आठ कारकून एकदम कामाला बसायचे. तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. गिरणीच्या सगळ्या जुन्या नोंदी मात्र त्याच्याच पोटात, आणि त्या उघडणाऱ्या पासवर्डचा पृथ्वीतलावरचा एकमेव धनी मी. बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. लांबी अशी, की टाइप करून होईस्तोवर चहावर साय धरावी.

"तेवढा चालू करून दे," म्हणत मॅनेजर आठवड्यापूर्वी माझ्या ओट्यावर येऊन बसला होता.

"आन् मंग भंगारात घालशील."

"बिलकुल न्हाई! पुढच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवू. तूच रोज येऊन चालवायचा, शाळेच्या पोरांना दाखवायचा."

रोज जायला एक जागा! निवृत्त माणसाला दुसरं काय पाहिजे? तरी गिरणीत गेल्यावर मी त्याला डब्यावर हात ठेवायला लावला. दसऱ्याला पुजलेल्या यंत्रावर हात ठेवून आमच्या गिरणीत कुणी खोटं बोलत नसे. त्यानं दोन्ही हात ठेवले, वर कपाळही टेकलं.

मग मी भिडलो. बटण दाबताच उठलेला तो धुळीचा लोट बसला, तेव्हा कुठं मॅनेजर टेबलावरून उतरला. फ्लॉपीची फट म्हणजे यंत्राचं तोंड, असं समजून दर दसऱ्याला आमच्या लोकांनी तिच्यात हळदकुंकू आणि पेढा घातलेला. चिमट्यानं मी इतकं कुंकू उपसलं, की कुंभार पिंपळगावच्या तमाम बायकांचा संक्रांतीचा सण त्यात निघाला असता. जुन्या फ्लॉपीवरून यंत्र जागं झालं, पण आतली डिस्क जाम. बसून राहिलेल्या बैलाला उठवतात तसा डब्याचा कोपरा धरून मी एक हिसका दिला. डिस्क अशी गुरगुरली, की तिकडं हसनाबादच्या म्हशींनी दूध चोरलं. आणि एकामागून एक आठही पडद्यांवर हिरवी अक्षरं उमटली.

मॅनेजर माझ्या गळ्यात पडून रडला. खरं रडला, माझा सदरा ओला झाला.

"दोस्ता, पासवर्ड एकदा बोलून दाखव. उद्या तू आजारी पडला तर?"

मी दाखवला. अक्षर न् अक्षर. त्यानं मोबाइलवर टिपून घेतला, पुन्हा वाचून दाखवला आणि विचारलं, "बराबर?"

"बराबर."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून निघालो. वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर थांबून सांगितलं, की आपण पुन्हा ड्यूटीवर आहोत.

खोलीत फरशीवर डब्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता. भोवती कापलेल्या वायरी. टेबलाशी पुण्याहून आलेले दोन अनोळखी तरुण आपले लॅपटॉप बॅगेत भरत होते, बाजूला मॅनेजर मोबाइलात डोकं घालून बसलेला. रात्रीतून सगळ्या नोंदी त्यांवर उतरवून झालेल्या.

मी असा ओरडलो, की पत्र्यावरची कबुतरं थेट अंबडला जाऊन बसली असतील. "हात ठेवला होता ना रे! कपाळ टेकलं होतंस! मला म्हणाला असतास, नोंदी पाहिजेत, यंत्र नको, तर मी काय न्हाई म्हणलो असतो?"

खरं तर नाहीच म्हणालो असतो. आणि हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो रडला होता.

मॅनेजरनं मोबाइलवरून नजर उचलली.

"भंगारवाल्याचा टेम्पो सकाळीच आल्ता," तो म्हणाला.