दोनतारी ऑइल

वैजयंती आडवी झाली आहे ती नुसती पाठ टेकायला. शनिवारची दुपार. कॉलेजातले अर्ध्या दिवसाचे तास घेऊन, तासगावहून मिरजेपर्यंत गाडी हाकून ती घरी आली आहे आणि वरणभात जरा जास्तच जेवली आहे. छातीवर पालथं घातलेलं पुस्तक श्वासाबरोबर वरखाली होतं आहे. आतल्या खोलीत आई झोपली आहे. आईच्या घोरण्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी असते; ती वाजली की वैजयंतीचे डोळे किलकिले होतात आणि पुन्हा मिटतात. झोप दाराशी येऊन थांबली आहे, पण तिला आत येता येत नाही, कारण दारात जमीरभाई उभे आहेत.

जमीरभाईंचं गॅरेज स्टेशनच्या रस्त्यावर आहे. येताना ती तिथे थांबली होती, नेहमीसारखं थोडं ऑइल वरून घालून घ्यायला. जमीरभाईंनी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, टोकाला लोंबणारा काळा थेंब उन्हात धरला आणि पट्टी पुसायचं विसरून तिच्याकडे पाहत राहिले.

"ताई, हे ऑइल राहिलेलं नाही, डांबर झालंय. आंबलेल्या पिठात ताजं पीठ मिसळलं म्हणून ते ताजं होतं का?"

मग आवाज उतरवून ते म्हणाले की आता रस्त्यात इंजिन जाम झालं तर मला फोन करू नका, सरळ भंगारवाल्याला करा. सगळं सोडायचं, नवं भरायचं, चहा होईपर्यंतचं काम आहे. तुमचं काय अडलंय? वैजयंती म्हणाली, पुढच्या शनिवारी बघू. हे ती गेल्या उन्हाळ्यापासून म्हणते आहे.

काय अडलंय ते तिने त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते हसले नसते, आणि तेच तिला नको होतं. इंजिनात आहे ते ऑइल अण्णांनी, तिच्या वडिलांनी, घातलेलं आहे. दवाखान्यात जायच्या आधीच्या आठवड्यात, बनियनवर, फाटक्या लुंगीचा बोळा खांद्यावर टाकून. त्यांचा चष्मा घरात आहे, घड्याळ आहे, स्वेटर आहे. पण त्या वस्तू झाल्या. त्यांनी केलेलं आणि अजून चालू असलेलं काम तेवढं एकच. गाडी वाचवायची तर ते जाणार, ते ठेवायचं तर गाडी जाणार. आणि गाडीसुद्धा अण्णांचीच.

शिट्टी वाजते. या वेळी ती संपत नाही. लांबत जाते, बारीक होते, आणि मग तिचे थेंब पडायला लागतात.

छत खाली आलं आहे. हात वर केला तर टेकेल इतकं खाली. छताला पंखा नाही, लोखंडाचं पोट आहे, धुळीने आणि चिकटाने माखलेलं. वैजयंती उभी आहे ती खड्ड्यात. जुन्या घराच्या शेडमध्ये गाडीखाली शिरून काम करता यावं म्हणून अण्णांनी खणून घेतलेला तो खड्डा. पुढे आईने हट्टाने त्यावर फरशी बसवून घेतली होती. फरशी कुठे गेली, हा प्रश्न तिला पडत नाही. खड्डा तिच्या खांद्यांच्या मापाचा आहे. वळायला गेलं तर कोपर भिंतीला घासतं. उतरायच्या पायऱ्या असायला हव्यात तिथेही भिंतच आहे.

आणि तिचा उजवा अंगठा गाडीच्या पोटात आहे. ऑइल सोडायचा चेंबरचा नट निघालेला आहे, तो डाव्या मुठीत आहे, आणि नटाच्या भोकावर अंगठा घट्ट दाबलेला आहे. नट कधी काढला ते तिला आठवत नाही. अंगठ्यापलीकडे ऑइल आहे. गरम आहे, आणि आतून हळूहळू ढकलतं आहे.

खड्ड्याच्या काठावर, चाकांच्या मधून, दोन पाय दिसतात. तपकिरी चपला, डाव्या अंगठ्याचं नख चिरलेलं.

"अण्णा," ती म्हणते.

"हं."

"गाडी मागे घ्या ना. मला वर येता येत नाही."

"मी कशी घेऊ? मला आता गिअर पडत नाही," पाय म्हणतात. आवाज अगदी रोजचा आहे, पेपर वाचता वाचता दिल्यासारखा. "आज वार काय?"

"शनिवार."

"मग नवं ऑइल आणलं असशील तर डिकीतच राहू दे. उंबऱ्याच्या आत आणू नको, तुझी आई घर डोक्यावर घेईल."

वैजयंतीला हसू येतं, आणि हसताना अंगठा जरासा हलतो, म्हणून ती हसू गिळते. शनिवारी घरात तेल आणायचं नाही हा आईचा नेम. अण्णा समजावून थकले होते की तेल डोक्याला, ऑइल गाडीला, शनीला तेवढा फरक कळतो. आई म्हणायची, शनीला कळत असेल, शेजारच्यांना कळत नाही. म्हणून कितीतरी शनिवार ऑइलचा डबा गाडीतच झोपला आहे.

"आणलंच नाहीये," ती सांगते. "कुठलं आणायचं ते कळत नाही."

दुकान आहे. तिच्या चहूबाजूंनी फळ्या वर गेल्या आहेत, त्यांचा शेवट दिसत नाही, आणि प्रत्येक फळीवर डबे. लाल, सोनेरी, निळे, सगळ्यांवर आकडे. दुकानाला दार नाही. काउंटर छातीला टेकलेला आहे आणि डोक्यावर गाडी तशीच आहे, अंगठा तसाच. अण्णा काउंटरच्या पलीकडे उभे आहेत, पण फळीच्या आड. त्यांचे हात तेवढे दिसतात. एक डबा ते उघडतात, थेंबभर ऑइल अंगठ्यावर घेतात, तर्जनी टेकवतात आणि दोन बोटं अलगद लांब करतात. मध्ये एक धागा ताणला जातो आणि तुटतो.

"एकतारी," अण्णा म्हणतात.

दुसरा डबा. बोटं लांब होतात. दोन धागे.

"दोनतारी."

ऑइल असं पारखायची त्यांची पद्धत पाकावरून आलेली. दिवाळीत रव्याच्या लाडवांचा पाक घरात तेच करायचे. आईचा पाक कायम पुढे जायचा आणि लाडू फोडायला बत्ता लागायचा. पाकाला जे कळतं तेच इंजिनाला कळतं, असं ते म्हणत. पातळ असेल तर थंडीत सकाळी चटकन सगळीकडे पोचतं. जाड असेल तर उन्हात, घाटात, तापलेल्या लोखंडाला धरून राहतं. अण्णांचा जीव जाडावर. पहिली फियाट दोनतारीवर आयुष्यभर पळाली, म्हणून या नव्या गाडीलाही त्यांनी तेच पाजलं.

"दोनतारीच घेऊ ना?" वैजयंती विचारते. "तुमचंच?"

"नको. पातळ घे. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते."

"तुम्ही तर त्या पुस्तकाला हसायचात."

"मी फियाटवाला. या गाडीच्या शिरा बारीक आहेत, त्यांतून माझा पाक कसा जाणार? उगीच हिला धाप लावली मी." हात थांबतात. "पण आधी जुनं सोड. जुन्यावर नवं घालून तू कसली भेळ करतेयस?"

वैजयंतीच्या अंगठ्याला कळ लागली आहे, ती मनगटातून कोपरापर्यंत उतरते आहे.

काउंटर गार लागतो. काउंटर नाही, पलंगाची कड आहे, स्टीलची. पडदे हिरवे. समोर अण्णांचा हात पालथा पडला आहे, सुजलेला, मनगटाच्या वर निळसर, आणि तिच्या अंगठ्याखाली कापसाचा बोळा आहे. सिस्टरने सलाईनची सुई नुकतीच काढली आहे. दाबून धरा, सिस्टर म्हणते, मी सांगेपर्यंत सोडू नका. ती ट्रे घेऊन वळते. मग पडद्याच्या पलीकडे काहीतरी वाजायला लागतं, पावलं येतात, कुणीतरी वैजयंतीला खांद्याला धरून बाजूला करतं, पडदा ओढला जातो, दुसरा ओढला जातो, तिसरा. पडदे संपत नाहीत. ती प्रत्येक पडद्याच्या अलीकडेच आहे. आणि अंगठा तसाच वाकवलेला, दाबलेला, कारण सोडा असं सांगायला पुन्हा कुणी आलंच नाही.

पडद्यांचा हिरवा रंग काळवंडतो, त्यांच्या भिंती होतात. खड्डा. आता तो अधिक अरुंद आहे. श्वास घेतला की छाती पुढच्या भिंतीला टेकते. आणि अण्णा खड्ड्यात आहेत. वरून उतरले नाहीत, नुसते आहेत, तिच्या शेजारी, जिथे एका माणसालाही जागा नव्हती तिथे. बनियनवर. चेहरा तिला नीट पाहता येत नाही, कारण मान वळवता येत नाही. कानाजवळ त्यांचा श्वास ऐकू येतो, आणि त्या श्वासात धाप नाही. शेवटचे दिवस सोडले तर तो असाच होता.

"दुखतंय?" ते विचारतात.

"हो."

"मग सोड की."

"सगळं जाईल."

"जाऊ दे. ते जायलाच घालायचं असतं."

"तुम्ही घातलेलं आहे ते, अण्णा."

अण्णा जीभ टाळूला लावून चक् करतात. वर्गात मुलांनी सोपं गणित चुकवलं की करायचे तसं.

"वैजू, मी ते दुकानातून आणलं होतं, पोटातून नव्हतं काढलं."

"तरी."

"आणि माझं त्यात आहे तरी काय? माझं केव्हाच जळून गेलं. आता आहे ती तुझी तासगावची धूळ. तुझ्या खेपांची काजळी. इंजिनातली घाण आपल्यात ओढून घेते, म्हणून ऑइल काळं होतं. त्याला आता आणखी घेववत नाही. गरम आहे ना अजून?"

"आहे."

"मग हीच वेळ. गार झालं की सगळं तळाला बसतं. मग नट काढला तरी वरचं पाणचट तेवढं येतं, घाण आत राहते. लहानपणी सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं. गाडी आधी गावाला एक फेरी मारून आणायची आणि मगच खाली शिरायचं, हा त्यांचा नियमच होता. गार इंजिनाचं ऑइल सोडणाऱ्याला ते आळशी म्हणत.

वैजयंती अंगठा काढायला जाते. निघत नाही. तो तिचा राहिलेलाच नाही, त्या भोकाचा झाला आहे, नटासारखा आट्यांत बसला आहे. ती ओढते. खड्ड्याच्या दोन्ही भिंती दंडांना चिकटतात. वर गाडी आणखी खाली बसते, चेंबर कपाळाला टेकतं.

"तुम्ही धरा ना हात माझा," ती म्हणते. आवाज लहान झाला आहे, शाळेतल्या मुलीचा. "तुम्ही काढा."

"मला नाही येत आता ते."

"मग नुसतं सांगा. त्या दिवशी कुणी सांगितलंच नाही. मी धरूनच बसले."

अण्णांचा श्वास कानाशी येतो. त्यात तंबाखूचा नाही, वेलदोड्याचा वास आहे.

"सोड," ते म्हणतात.

एवढंच. गॅरेजमध्ये म्हणतात तसं, खाली परात ठेवून झाली, सगळी तयारी आहे, आता सोड.

अंगठा फिरतो. अर्धा आटा, एक आटा, आणि बाहेर येतो.

आधी काहीच येत नाही. मग एकदम येतं, जाड, काळं, वेणीसारखा पीळ असलेलं, तिच्या तळहातावरून, मनगटावरून खाली. गरम. ते तिच्या पायांशी साचायला लागतं, घोट्यापर्यंत येतं, पोटऱ्यांपर्यंत, आणि खड्ड्याला अजूनही पायऱ्या नाहीत. ती घाबरते. पण शेजारी अण्णा वर बघत उभे आहेत, धारेकडे, डोळे बारीक करून. धार संपेपर्यंत हलायचं नाही ही त्यांची जुनी खोड. आई वर जेवायला वाढून बसलेली असायची आणि हे खाली शेवटच्या थेंबाची वाट पाहत. तीही वर बघते. दोघं बघत राहतात. धार बारीक होते.

"दोनतारी," अण्णा पुटपुटतात.

आणखी बारीक.

"एकतारी."

मग थेंब. एक थेंब बराच वेळ भोकाच्या काठाला धरून राहतो, लांबतो, पडत नाही. वैजयंती वाट पाहते. अण्णा पडला म्हणतील म्हणून वाट पाहते. शेजारी श्वास ऐकू येत नाही. ती मान वळवते, आणि आता मान वळते; शेजारी खड्ड्याची भिंत आहे, तिच्या खांद्याला लागून, मध्ये बोट घालायलाही जागा नाही.

पंखा फिरतो आहे. पुस्तक घसरून खाली पडलं आहे. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन पलंगाच्या पायथ्याशी पोचलं आहे, म्हणजे साडेचार वाजले असावेत. वैजयंतीचा उजवा हात उशीच्या वर, हवेत धरलेला आहे, अंगठा ताठ. तो खाली घेताना खांद्यातून कळ येते.

आतून आईचा आवाज येतो. "वैजू, उठलीस का? चहा टाकू?"

"टाक," ती म्हणते.

जमीरभाई पाच वाजता नमाजाला जातात आणि त्यानंतर गॅरेज उघडत नाहीत. त्याआधी फोन केला तर उद्या सकाळची वेळ मिळेल. ती उशाचा फोन उचलते आणि काचेवर अंगठा ठेवते. फोन थरथरतो. ओळख पटत नाही म्हणतो. ती अंगठा साडीला पुसून पुन्हा ठेवते. फोन पुन्हा तेच म्हणतो.

मग ती अंगठा उजेडात धरते. पेरावर एक गोल वण आहे, बुडालेला, पांढरा फटक. त्याच्या कडेला एकाखाली एक बारीक तिरक्या रेघा, नटाच्या आट्यांसारख्या. ती चादर चाचपते, उशीखाली पाहते, पुस्तकाची पुठ्ठ्याची कड पाहते. गोल असं तिथे काही नाही.

आकडे टाकून फोन उघडता येईल. ती आकडे टाकत नाही. दुसऱ्या हाताच्या बोटाने तो वण दाबून ठेवावा, जरा अधिक खोल करावा, असं तिच्या मनात येतं. बोट तिथपर्यंत जातंही. मग ती ते बाजूला घेते आणि हात मांडीवर उताणा ठेवून नुसती बघत बसते.

स्वयंपाकघरात आलं ठेचल्याचा आवाज होतो. पांढऱ्यावर कडेने गुलाबी चढते. आट्यांच्या रेघा एकेक करून बुजतात. वर्तुळाचं तोंड एका बाजूने उघडतं, आणि तिथून तिच्या स्वतःच्या अंगठ्याच्या ठशाच्या भोवऱ्या आत शिरायला लागतात.

त्या सगळ्या आत आल्यावर ती अंगठा पुन्हा काचेवर ठेवते. फोन उघडतो.