लग्नापाशी संपणारी शेती

तेलगावच्या चौकात रेवणप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. बी.एस्सी. झाल्यापासून त्यांची धाकटी लेक रुद्राणी त्या दुकानात बसते. बसते हे आपलं म्हणायचं. गिऱ्हाईक नसलं की ती उठायची, खताची पोती सारखी करायची, पायरीवर येऊन रस्ता बघायची, परत आत जायची. कोणत्या रानाला कोणतं बी चालेल, कपाशीवर कोणतं औषध मारायचं, हे सगळं तिला तोंडपाठ. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी. नावावर गुंठाभरही जमीन नाही. एकोणतीस वर्षांत तिनं स्वतःच्या हातानं मातीत एक दाणा टाकला नव्हता.

शेती केली होती ती टीव्हीवर. ती पाचवीत असताना थोरला भाऊ रवि आत्याकडून एक जुना व्हिडिओ गेम घेऊन आला होता. एका पोरानं आजोबांची पडीक जमीन कसायची, एवढाच तो खेळ. दगड काढायचे, नांगरायचं, झारीनं पाणी घालायचं, गायीला चारा टाकायचा, गावातल्या लोकांशी बोलायचं. बोलणं सगळं इंग्रजीत. दोघा भावंडांनी अंदाजानं लावून घेतलं होतं. हिवाळ्यात त्या गावात बर्फ पडायचा, तेव्हा रवि म्हणायचा की कापूस फुटलाय. घरापासून नदीपर्यंत जायला त्या पोराला बराच वेळ लागायचा. तेवढा वेळ रुद्राणी हालचाल न करता बघत राहायची, आणि आई जगदेवी स्वयंपाकघरातून डोकावून बघायची की पोर आज इतकी गप्प कशी. पुढं तो पोरगा खानावळवाल्याच्या मुलीशी लग्न करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोरं घेऊन रानात हजर व्हायचा.

यंदा दिवाळीला रवि पुण्याहून आला तो हातात धरून खेळायची एक छोटी मशीन घेऊन. त्यात तीच शेती होती. वर आता मुलगीही निवडता येत होती. रुद्राणीनं लगेच तिला स्वतःचं नाव दिलं.

पण पहिल्याच दिवशी तिची चुळबुळ सुरू झाली. नदी चार पावलांवर आली होती. डोंगर गायबच. टीव्हीवर पाऊस आला की सगळं रान काळंभोर व्हायचं. इथं चार रेघा पडायच्या आणि संपायच्या. गावातल्या बाया रोज तेच एक वाक्य बोलायच्या. दिवस तर असा पळायचा की झारी भरेपर्यंत संध्याकाळ. तरी ती खेळत राहिली, कारण त्या इवल्याशा वावरात खोरं घेऊन चालत होती ती एक मुलगी होती. पंधरा दिवसांत तिनं कोबी काढला, गोठा वाढवला. नावाड्याच्या मुलानं मागणी घातली, तिनं हो म्हटलं. लग्न लागलं, फुलं पडली, बनवणाऱ्यांची नावं सरकत वर गेली आणि पडद्यावर पहिलं पान आलं.

तिला वाटलं, चुकून काहीतरी दाबलं गेलं. परत उघडलं तर लग्नाचा आदला दिवस. पुन्हा लग्न केलं, पुन्हा पहिलं पान. तिनं दुकानातूनच रविला फोन लावला.

"दादा, लग्न झालं की ही गेम बंद पडतीया."

"बंद न्हाई पडत, संपती. पोरीची तेवढीच हाय."

"आन् पोराची? टीव्हीवरची तर पुढं चालायची."

रवि म्हणाला की मशीन लहान आहे, जागा पुरली नसेल, काहीतरी कापावंच लागलं असेल. रुद्राणीनं फोन ठेवला. दहा-बारा दिवसांनी अंबाजोगाईचं स्थळ तिला बघायला येणार होतं. विश्वेश्वर नावाचा मुलगा, एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरीला. घरात सगळ्यांना पसंत.

दुसऱ्या दिवशी केशरबाई दुकानात आल्या. गावाबाहेर त्यांची जमीन. वय साठीपुढं, गुडघा धरलेला. हरभऱ्याचं बी घेताना त्या बोलून गेल्या की विहिरीजवळची पट्टी यंदा पडूनच राहणार. रुद्राणीनं बी मोजता मोजता विचारलं, "काकू, ती पट्टी मी करू का?"

केशरबाईंनी तिच्या हातांकडं बघितलं. "कर की. पर मधीच सोडून गेलीस तर मला सांगून जा."

पाहुणे यायच्या आत तिनं दोन वाफ्यांत मेथी आणि तीन वाफ्यांत धने रगडून टाकले. दारं कसं धरायचं, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं वळवायचं, हे केशरबाईंनी बांधावर बसून शिकवलं. मेथी चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबीर काही येईना. रुद्राणी सकाळी जायची, दुपारी जायची, आणि सहाव्या दिवशी तिनं बोटानं माती उकरून बघितलं. एक दाणा, दुसरा, मग हातभर जागा. इवले पांढरे कोंब निघाले होते ते तिच्याच नखांनी तुटले. केशरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला बांधावर बसवलं आणि सांगितलं की आता चार दिवस तू इकडं फिरकायचं नाही. ते चार दिवस निघता निघेनात. दुकानात तिनं दोनदा चुकीची पिशवी दिली, आणि रेवणप्पांनी विचारलं की मन कुठं आहे.

पाहुणे त्या चार दिवसांतच येऊन गेले. चहा झाल्यावर दोघांना माडीवर बोलायला पाठवलं. विश्वेश्वर सरळ माणूस होता, नजर चुकवत नव्हता. तिनं विचारलं की लग्न झाल्यावर मी काय करावं असं तुमच्या मनात आहे. तो म्हणाला, घर बघावं. करमलं नाही तर तिथंच नोकरी बघू.

"आन् मला रान करायचं असंल तर?"

"रान?" तो खरोखर गोंधळला. "पण तुमचं रान न्हाईच ना."

त्याचं काही खोटं नव्हतं.

मुलाकडून होकार आला. चार दिवसांनी विश्वेश्वरनं स्वतः फोन करून तिचं मत विचारलं. रुद्राणी तेव्हा वाफ्यात उभी होती, पायाशी कोथिंबीर दोन दोन पानांवर आलेली, आणि मधोमध तिनं उकरलेली हातभर जागा रिकामी. ती म्हणाली, हे पीक निघेपर्यंत थांबा, मग सांगते. तो म्हणाला, मी थांबलो असतो, पण घरचे थांबणार नाहीत.

"मंग न्हाई," ती म्हणाली.

फोन बंद केल्यावर तिनं विहिरीला दोन फेऱ्या मारल्या, खुरपं उचललं, ठेवलं. घरी सांगितलं तेव्हा जगदेवी रडल्या आणि रेवणप्पा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. एवढुशा कोथिंबिरीपायी चांगलं स्थळ घालवलं, असं गावभर झालं. बरोबर केलं की चूक, हे रुद्राणीलाही सांगता येत नव्हतं. दुपारी ती बरोबर असायची, संध्याकाळपर्यंत चूक.

मेथी केशरबाईंनीच विकून दिली. कोथिंबीर मात्र रुद्राणी स्वतः घेऊन आठवडी बाजारात बसली, ओल्या पोत्यावर जुड्या मांडून. ओळखीची गिऱ्हाइकं थबकत होती. बियाणेवाल्याची पोर इथं कशी, म्हणत होती. दुपारी रेवणप्पा दुकान सोडून आले. बराच वेळ बाजूला उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी एक जुडी हातात घेतली.

"लई सैल बांधतीस," ते म्हणाले, आणि सोडून परत बांधायला लागले.

तीन-चार जुड्या झाल्यावर रुद्राणी उठली. पलीकडं केशरबाई चुरमुरे घेत होत्या. तिनं त्यांना गाठलं आणि विचारलं की पट्टीशेजारच्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या कधी उपटायच्या, कारण त्यांच्याखालची जागाही तिला हवी होती.