पडद्याचे काठ तपासणारा साडू

कुठलीही गोष्ट आधी कडेने पाहायची आणि मधून पाहायची ती सगळ्यात शेवटी, असा स्वभाव घेऊन जन्मलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पेशाने तो डोळ्यांचा डॉक्टर, त्यातही पडद्याचा. बीडला त्याचा दवाखाना आहे. मी चौसाळ्याला कापड विकतो. वर्तमानपत्र हातात पडलं की तो कोपऱ्यातल्या बारीक जाहिराती आधी वाचतो, आणि निकालाच्या दिवशी दुपारी मलाच फोन करून विचारतो, "दादा, कोन आलं हो निवडून?" माझ्या दुकानात बायका पदर उलगडून पाहत असतात, तेव्हा हा साडीचे काठ बोटाने चाचपत जातो. एकदा भर गर्दीत त्याने उंदराने कुरतडलेला कोपरा शोधून सगळ्यांना दाखवला होता. पुतण्याच्या लग्नाच्या फोटोतही जो तो नवरानवरी पाहत होता, याने विचारलं, "टोकाला ही अर्धी बाई कोन?" ती माझी बायको होती. फोटो चार महिने माझ्या भिंतीवर होता आणि ती अर्धी कापली गेलीय हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर घरात काय झालं ते सांगत नाही.

दवाखान्यात तर विचारूच नका. डोळ्याच्या पडद्याचा अगदी मध्य बिघडला की समोरच्याचा चेहरा पुसला जातो, अक्षरं बुडतात. अशा पेशंटच्या मध्याचा फोटो यंत्र काढतं, इंजेक्शन त्याच्यासाठीच असतं, पेशंटची तक्रारही तीच असते. आमचा साडू मात्र थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करतो, पेशंटला बाकड्यावर आडवं करतो, डोक्याला दिवा बांधतो आणि हातात भिंग धरून त्याच्या डोक्याभोवती फिरत पडद्याची कड न् कड पाहतो. पाटोद्याकडचे एक पुढारी असेच दोन तास अडकले आणि वैतागले. "डाक्टरसाहेब, डाग मधी हाय म्हनून तुमीच सांगितलं. मग कडंला काय हुडकायलाव?" साडू शांतपणे म्हणाला, "मधलं यंत्रानं दावलंय. यंत्र कडंपस्तोर जात न्हाई साहेब, तिथं मलाच जावं लागतंय." कडेला काही निघालं नाही. पण थेंबांमुळे त्या संध्याकाळी मांजरसुंब्याच्या सभेत पुढाऱ्यांना हातातला कागद वाचता येईना, आणि भाषण पाच मिनिटांत आटोपलं. तिथले लोक अजून डॉक्टरला दुवा देतात.

आमच्या सासूबाईंना हाच मधला आजार. त्या पाटोद्याजवळ खेड्यात एकट्या राहतात. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याच्याही मधोमध डाग. कडेकडेने जेवढं दिसायचं तेवढ्यावर त्या स्वयंपाक करायच्या, शेळ्या बांधायच्या, कुणाचा हात न धरता देवळात जायच्या. तेवढी नजर गेली असती तर सगळंच संपलं असतं. इंजेक्शनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात चालू होती. तिथे सुरुवातीला काठही पाहिले होते, पण ते पुन्हा पुन्हा पाहावे लागतात असं साडूचं म्हणणं. सासूबाई त्याला डोळ्याला हात लावू देईनात. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, ही रीत त्यांनी आम्हा दोघांच्याही बाबतीत अठ्ठावीस वर्षं पाळली होती. "जावयापुढं आडवी पडू व्हय मी? मरीन, पन पडायची न्हाई," असा निरोप माझ्या बायकोकडून आला.

मग एके सकाळी त्या फोनवर माझ्या बायकोला हसत हसत म्हणाल्या, "डोळा मिटला की कोपऱ्यात ईज चमकायलीय बघ." बायकोने मला सांगितलं, मी साडूला. तो फोन न ठेवताच उठला असावा, कारण चौसाळ्याला आम्हा दोघांना घ्यायला तो आला तेव्हा डोक्याचा दिवा त्याच्या गळ्यातच होता.

खेड्यात पोचल्यावर माझ्या बायकोने जन्मात पहिल्यांदा आईला रागावून खाटेवर निजवलं. सासूबाईंनी पदराने सगळं तोंड झाकून एक उजवा डोळा तेवढा उघडा ठेवला. साडू त्यांच्यापासून वीतभर अंतरावर वाकलेला, आणि बोलणं मात्र माझ्या बायकोमार्फत. "आक्का, आईला म्हना, वर बघा." "आई, वर बघ." "बघायलेय म्हनावं." असं चारी दिशांना झालं. मला हसू आवरेना. मग एका जागी साडू थांबला, परत आला, पुन्हा थांबला, आणि माझं हसू आपोआप गेलं. वरच्या काठाला पडदा फाटला होता; ती ईज त्याचीच खूण. अजून सुटला नव्हता, पण कधीही सुटला असता. दुपारी बीडला नेऊन त्याने लेसरने त्या चिरेभोवती टाके घालावेत तसे ठिपके मारले. घामाने त्याचा सदरा ओला झाला होता.

महिन्याने तपासणीला आम्ही सगळे त्याच्या दवाखान्यात होतो. काठ घट्ट बसला होता. मधला डाग होता तिथेच होता. तो जाणार नव्हता. साडू म्हणाला, "आक्का, आईला म्हना, ज्याला बघायचंय त्याच्या तोंडाकडं बघू नका. त्याच्या कानाशेजारच्या भिंतीकडं बघा, मग तोंड दिसतंय." भिंतीकडे पाहण्यात रीत मोडत नव्हती. सासूबाईंनी पदर सावरला आणि त्याच्या कानाशेजारच्या भिंतीकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्या बायकोला मध्ये न घेता म्हणाल्या, "पाव्हणे, केस लई पिकले की हो तुमचे. जेवताव का न्हाई येळंवर?"

तो उगाच भिंग पुसत बसला. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. मीही त्यांचा जावई आहे, तोही थोरला. कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी माझी खुर्ची हळूच सासूबाईंसमोरच्या त्या भिंतीजवळ सरकवली.