पद्मा वानखेडेंचे सहा रविवार

माझ्या मुलीला मेडिकलची सीट कशी मिळाली, असं सिडनीत आमच्या पेंडल हिलच्या वाणसामानाच्या दुकानात मला दर शनिवारी कोणी ना कोणी विचारतं. अभ्यास केला, असं मी सांगते. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं वेंटवर्थव्हिलला दोन खोल्यांच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहतं. त्यांचं नाव पद्मा वानखेडे. एका मोठ्या हॉस्पिटलात त्या सिनियर नर्स आहेत.

सावनीला बारावीला ९९.६ पडले होते. मेडिकलची प्रवेशपरीक्षाही तिने चांगली दिली. मग ती इंटरव्ह्यूला गेली आणि तिथे आपटली. माझं डोकंच फिरलं. पॅनलवर सगळे गोरे, त्यांना आपली सावळी पोरं नकोच आहेत, असं मी ठरवून टाकलं आणि भेटेल त्याला तेच ऐकवत सुटले. कथकच्या परीक्षांपासून गणिताच्या ऑलिम्पियाडपर्यंत सगळी सर्टिफिकेटं प्लॅस्टिकमध्ये घालून मी तिला फाइल लावून दिली होती. पॅनलने ती उघडलीसुद्धा नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. तेव्हा महाराष्ट्र मंडळातल्या चित्राने फोनवर खबर दिली की वानखेड्यांची पद्मा यंदा पॅनलवर आहे. युनिव्हर्सिटी डॉक्टरांबरोबर नर्सेसनाही बसवते म्हणे. झालं. मी अननस घालून शिरा केला, फाइल काखेत मारली आणि काही ओळखपाळख नसताना सावनीला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. या देशात वीस वर्षं काढली, तरी वशिला शोधायची खोड गेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

पद्माताई नाइट ड्यूटीवरून येऊन नुकत्याच झोपून उठल्या होत्या. तरी त्यांनी चहा टाकला. मी वीस मिनिटं एकटीच बोलत होते. इथेही शेवटी तेच निघालं, मी म्हणाले. गावाकडच्यांना वेगळ्या सीट्स, मूळ रहिवाशांना वेगळ्या, उरलेल्या गोऱ्यांना. या कोट्याला कंटाळून तर आम्ही पुणं सोडलं. मी हे बोलत होते तेव्हा समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ऑस्ट्रेलियात दर दुसऱ्या घरात नाहीतर बागेत बुद्ध असतो, म्हणून मी ती शोपीस समजले होते.

"मी कोट्यातूनच नर्स झाले," पद्माताई म्हणाल्या. "नागपूरला. तुमचा चहा थंड होतोय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी सिडनीपासून आठ तासांवरच्या एका गावात काढली होती. तिथे आलेला शहरी डॉक्टर सहा महिन्यांत बदली मागायचा, आणि ज्या दोन डॉक्टरणी टिकल्या होत्या त्या तिथेच वाढलेल्या होत्या. एवढंच त्यांनी सांगितलं आणि बिस्किटं पुढे केली.

इतकं होऊनही मी निलाजरी ती निलाजरीच. शब्द टाकाल का, असं विचारलंच. ओळखीच्या मुलांसाठी काही करायचं नाही असा रूल आहे, त्या म्हणाल्या. मग त्यांनी सावनीकडे पाहिलं. मी बोलू न दिल्यामुळे ती एवढा वेळ गप्प होती. गेल्या वर्षी काय बोललीस, त्यांनी तिला विचारलं. सावनीने क्लासवाल्यांनी लिहून दिलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. आजोबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचा हात हातात असताना तिला डॉक्टर व्हायची प्रेरणा मिळाली, वगैरे. तिचे आजोबा रोज सकाळी पर्वती चढतात.

पद्माताईंनी बिस्किटांची बशी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "रविवारी दोन वाजता हिला पाठवा. फाइल नको. आणि प्लीज, तुम्ही येऊ नका."

असे सहा रविवार झाले. मी सावनीला सोडायची आणि दोन तास मेन स्ट्रीटवरच्या दुकानांतून कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत हिंडायची. आत काय चालतं ते कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या रविवारी सावनी रडलेल्या डोळ्यांनी गाडीत बसली. मी काही बोलायच्या आत "आय ॲम फाइन, ममा" म्हणाली आणि काचेबाहेर बघत बसली. पैशांचा विषय मी काढला तर पद्माताईंनी फोनच ठेवून दिला. सहाव्या रविवारनंतर इंटरव्ह्यू झाला आणि जानेवारीत ऑफर आली.

पेढे घेऊन मी धावतच वेंटवर्थव्हिलला गेले. दार पद्माताईंच्या नवऱ्याने, विवेकनी उघडलं. पद्माताई शिफ्टवरून यायच्या होत्या. विवेक बोलके आहेत. एक पेढा तोंडात टाकून म्हणाले, चला, तिची खुर्ची गेली ती कारणी लागली.

कुठली खुर्ची, मी विचारलं.

तेव्हा मला कळलं. एका जरी मुलाची तयारी करून घेतली, तर त्या वर्षी पॅनलवर बसताच येत नाही. पद्माताईंनी सलग तीन वर्षं अर्ज केला होता आणि त्यांची निवड पहिल्यांदाच झाली होती. त्यांनी त्या दिवसासाठी नवा ब्लेझरसुद्धा आणला होता. मी शिऱ्याचा डबा ठेवून गेले, त्याच संध्याकाळी त्यांनी नकाराचा ईमेल पाठवला. कालपरवापर्यंत माझ्या ओळखीचीही नसलेली बाई, आणि तिला तिच्याच घरात मी काय काय ऐकवून आले होते.

पद्माताई युनिफॉर्ममध्येच आत आल्या. माझं तोंड बघून त्यांनी आधी नवऱ्याकडे रागाने पाहिलं. मी विचारलं, का केलंत असं?

बूट काढता काढता त्या बोलल्या. "ट्रेनिंग संपल्यावर मी एका हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला गेले होते. बाहेर आम्ही नऊ जणी. बाकीच्या आठ जणींना पंधरा-पंधरा मिनिटं आत बसवलं. माझ्या फाइलमध्ये वरच जातीचा दाखला होता. त्यांनी तेवढाच पाहिला आणि म्हणाले, ठीक आहे, या. तीन महिने तयारी केली होती मी. मला कोणी एक प्रश्न विचारला नाही."

"मग नोकरी?"

"मिळाली. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही." त्यांनी मोजे गुंडाळून बुटात घातले. "प्रश्न विचारणाऱ्यांच्या खुर्चीत एकदा बसायचं होतं. पण तिथे बसून यादीतला प्रश्न विचारला असता, आठ मिनिटं ऐकलं असतं, मग बेल, की पुढचं पोर. तुमच्या मुलीला तर आजवर कोणीच काही विचारलं नव्हतं. तुम्हीसुद्धा."

एवढ्या मोठ्या मनाच्या माणसासमोर मी आयुष्यात कधी बसले नव्हते, आणि माझ्या हातात काय होतं, तर अर्धा किलो पेढे. पुढच्या वर्षी तरी बसा पॅनलवर, मी कसंबसं म्हणाले. पुढच्या वर्षी रविवारी चित्राचा मुलगा येतोय, त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

घरी आल्यावर मी सावनीसमोर खुर्ची ओढून बसले. त्या रविवारांना तू तिथे काय सांगायचीस, मी विचारलं.

"तुला रिअली ऐकायचंय?" ती म्हणाली.

ती फार्मसीत पार्टटाइम काम करायची, तिथे एक म्हातारे मराठी आजोबा गोळ्या कशा घ्यायच्या ते मराठीतून विचारत होते. मागे शाळेतल्या मैत्रिणी उभ्या होत्या. सावनी आजोबांशी इंग्लिशच बोलत राहिली. आजोबा मान हलवून निघून गेले. त्यांना काही कळलं नव्हतं हे तिला दिसत होतं. त्यानंतर कितीतरी दिवस तिला झोप लागली नव्हती. तिसऱ्या रविवारी तिने पद्माताईंना सांगितलं, आणि इंटरव्ह्यूला तेच सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणाले.

"तू विचारलं असतंस, कोणी पाहिलं का."

मी तेच विचारलं असतं.