आधी बाई, मग नळी

दोडका एक दिवस जरी वेलावर जास्त राहिला तरी जून होतो, आत जाळी धरतो आणि बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडं दिवसाआड तोडणी असते. माझा सासरचा तो पहिलाच उन्हाळा. लग्नसराईमुळं बायका कामाला मिळत नव्हत्या. तारांवर वेल चढवलेल्या त्या मांडवाखाली आम्ही तिघीच होतो: सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी. धाराशिवला माल नेणारा टेम्पो आठला रस्त्यावर यायचा, आणि तो काही आमच्यासाठी थांबायला आमचा जावई नव्हता.

निम्मी ओळ तोडून झाली आणि मला कळलं, पाळी आली.

आमच्या घरात याबाबतीत नियम एकच आणि पक्का. अडचण आलेल्या बाईनं मांडवात शिरायचं नाही, वेल करपतो. मी बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली, माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसणं वेगळं आणि सासूबाईंसमोर तोंड उघडणं वेगळं. मी खाली मान घालून तोडत राहिले. तेवढ्यात जाऊबाई मागून आल्या. साडीवर घातलेला नवऱ्याचा जुना शर्ट त्यांनी काढला, माझ्या कमरेला बांधला आणि बाह्यांची गाठ घट्ट मारली. "उरक," एवढंच म्हणाल्या. म्हणजे त्यांनी डाग पाहिला होता. आता या सांगतात की काय, याच धास्तीत मी ती सकाळ काढली.

तिसऱ्या दिवशी तोडणीला गेलो तर नेमकी माझीच ओळ सुकलेली. निम्म्यापासून पुढच्या सगळ्या वेलांनी माना टाकलेल्या. शास्त्र कुठल्या कुठं पळालं. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, हे मीच केलं.

सासूबाईंनी एक पान चुरगळून पाहिलं आणि आमच्याकडं वळल्या.

"कोण शिवलं?"

मी खाली वाकून रिकामं क्रेट उचलायला लागले.

"आत्याबाई, मी हुते," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्या वळीत मीबी शिरले. सांगायचं राहिलं."

"धा वर्सं झाली तुला ह्या घरात! लाज न्हाय वाटली? येल उभं राहीस्तवर मांडवात पाय ठिवायचा न्हाय."

मी तिथंच बोलले असते तर तिथंच मिटलं असतं. बोलले नाही. जाऊबाई बांधावर भर उन्हात बसून दोडके निवडत राहिल्या. डोक्यावर ओला पदर घ्यायच्या, तो घटकाभरात वाळायचा. मी मात्र सावलीत. संध्याकाळी गोठ्यात त्यांना गाठलं आणि विचारलं, "ताई, सांगून टाकू का?"

"गप. तू नवी हायस, तुला जन्मभर बोलतील. मला काय, सवय झालीया."

आमच्याकडची ही जुनी खोड. वेल सुकला की आधी बाई तपासायची, मग नळी. दुसऱ्याच दिवशी मला राहवेना. रांगत रांगत ओळीच्या मध्यापर्यंत गेले आणि पाचोळा बाजूला केला. ठिबकची नळी खारीनं कुरतडलेली होती आणि सगळं पाणी तिथल्याच एका भेगेत जिरत होतं. पुढच्या वेलांना थेंबही मिळत नव्हता. मी जोरात हाका मारल्या. सासूबाईंनी येऊन बघितलं, नळीला जोड घातला आणि म्हणाल्या, "खारींचा लई तरास." बस, एवढंच. दोन दिवसांत वेल उठले. जाऊबाई मांडवात परत आल्या. मला आनंद झाला, पण तो वेल वाचल्याचा नव्हता. आता बोलावं लागणार नाही, याचा होता.

तो आनंद मला महिनाभर बोचत राहिला. पुढच्या महिन्यात, ऐन तोडणीच्या सकाळी, पुन्हा अडचण आली. या वेळी मी मांडवाच्या तोंडाशीच थांबले.

"आत्याबाई, मला अडचण आलीया. आन् मागल्या बारीला पण मीच होते, ताई नव्हत्या."

सासूबाईंनी हातातलं क्रेट खाली ठेवलं. मग जाऊबाईंकडं वळल्या. "म्हंजे तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस." मला एक शब्द नाही. क्रेट उचलून त्या आत निघून गेल्या.

मला वाटलं होतं, जाऊबाई हसतील, निदान माझा हात तरी धरतील. त्यांनी पदर खोचला आणि हळूच म्हणाल्या, "चार दिस उन्हात बसले मी तुझ्यापायी. तेवढं केलेलं तरी माझं ठिवायचं हुतंस."

आणि त्याही मांडवात गेल्या. मी आत यायचं की बाहेर थांबायचं, ते कुणीच सांगितलं नाही.