हौदातलं पाणी

अहमदपूरकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळी टिकली ती थोरल्या पाळकबाबांच्या एका नियमामुळे. आधीच्या मोठ्या दुष्काळात आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारातल्या विहिरीलाच काय ते पाणी होतं. लोक येऊन म्हणत, आम्हाला तुमच्यात घ्या. बाबा सगळ्यांना पाणी देत, बाप्तिस्मा मात्र कुणालाच देत नसत. पाऊस पडल्यावर या, म्हणत. पाऊस पडल्यावर तीनच घरं आली, त्यातलं एक आमचं. बाबांनी ओंजळभर पाण्यात आमचा बाप्तिस्मा उरकला. आज तालुक्यात जिथं जिथं उपासना भरते, तिथं या तीन घरांतलं कुणी ना कुणी आहे.

बाबा गेले, लातूर जिल्हा झाला, आणि आमच्या मंडळीला मोठेपणाची हाव सुटली. नवे पाळक आले ते सफारी घालून. त्यांच्या दर वाक्यात जिल्हा यायचा. त्यांनी बाबांचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला, त्याला प्लास्टिकचा हार घातला, आणि बाबांचं सगळं केलं असं समजून हात झटकले. पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा विहिरीच्या रहाटाला साखळी-कुलूप लागलं. पाणी फक्त मंडळीला. ज्याला हवं त्याने मंडळीत यावं, दार उघडं आहे, असं ते हसून सांगत.

शिवाय त्यांना बाप्तिस्म्याला ओंजळ चालेना, माणूस पुरता बुडायला हवा. म्हणून सिमेंटचा हौद बांधला. गावात प्यायला पाणी नाही, आणि आम्ही गडी माणसं दिवसभर रहाट ओढून तो छातीइतका भरत होतो. मीही ओढत होतो, लातूरहून पाहुणे येणार म्हणून खुशीत. इतकी अक्कल गहाण टाकलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत, आणि त्यांत मी होतो.

रविवारी हौदापाशी घागरी घेऊन बाप्तिस्म्याची रांग लागली. पहिलीच आमची शेजारीण, लिंगायताची. घरात दोन लेकरं तापाने पडलेली. पाळकांनी तिला गळ्यातलं लिंग काढून ठेवायला सांगितलं. तिनं ते मुठीत धरलं. मूठ उघडेना. पाहुणे घड्याळ बघू लागले.

माझी आई बायकांतून उठली. शेजारणीची घागर तिनं हौदात बुडवली, भरली आणि तिच्या कमरेवर ठेवली.

"पाऊस पडल्यावर ये, वाटलं तर," आई म्हणाली. "आता पाणी ने."

मग रांगेतल्या बाकीच्यांनीही घागरी बुडवल्या. पाळक बायबल छातीशी धरून थांबा, थांबा म्हणत राहिले. हौद तळाला गेला. पाहुण्यांनी चहा घेतला आणि जीपमध्ये बसले. त्यानंतर कुलूप लावायची पाळकांची छाती झाली नाही.

पुढच्या मृगात पाऊस पडला. रांगेतलं एकही माणूस आलं नाही, शेजारीणसुद्धा नाही. पाळकांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भर उपासनेत त्यांनी आईला विचारलं, कुठं आहे तुमची शेजारीण?

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "लेकरं जगली की तिची. आजून काय पायजे?"

वर प्लास्टिकच्या हारात बाबा होते. मी मान खाली घातली.