कपाळावरचा निळा डाग

चाचणीची गाडी भिंतीवर आदळवण्याआधी आम्ही आतल्या पुतळ्याच्या तोंडाला ओला रंग लावतो. कपाळाला निळा, नाकाला लाल, हनुवटीला पिवळा. धडकेनंतर ज्या रंगाचा ठसा जिथे उमटेल, तिथे तो भाग आपटला असं समजायचं. हे काम इतक्या वर्षांत मी दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. काल पुतळ्याचा पट्टा आवळता आवळता आमचे जाधवमामा म्हणाले, "मॅडम, बाळाला तीट लावावी तसं लावता तुम्ही."

मी हसले. पण तीट लावणाऱ्या आईला वाटत असतं, बाळाला काही होऊ नये. मी रंग लावते ते त्याला आपटायचं ठरवूनच.

निळा ठसा एअरबॅगच्या मधोमध उमटला, म्हणजे डोकं वाचलं. टाळ्या झाल्या, सगळे घरी गेले. मी पुतळ्याचं तोंड पुसत बसले.

घरी आरशात पाहिलं तर माझ्याच कपाळावर निळा डाग. असा डाग गाडीत सापडला की आम्ही दहाजण वाकून बघतो. इथे "कुठे लागलं गं?" म्हणायलाही कुणी नव्हतं. डाग तसाच ठेवून मी जेवायला बसले.